कोणाची हरकत?

मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं दृश्य आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल, मागच्या टेबलावर चहाचा थर्मास आणि बटाटेवड्यांचे ट्रे, आणि पुढे चिटणीस भराभर वाचताहेत, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सूचक? अनुमोदक? कोणाची हरकत?" एक क्षण शांतता. "हरकत नसल्याने मंजूर." मग जमाखर्च मंजूर, अंदाजपत्रक मंजूर, नवी कार्यकारिणी मंजूर. दहा मिनिटांत वर्षाचा कारभार आटोपतो आणि मंडळी वड्यांकडे वळतात.

मी वर्षानुवर्षं या शांततेत सामील आहे. तिचा अर्थ काय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला तो मंडळाच्या सभेत नव्हे, तर आमच्या काऊंटीच्या सभेत. त्याची ही हकीकत, आणि त्यातून सुचलेले चार विचार.

काऊंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. कॅलिफोर्नियात अशा ५८ काऊंट्या आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचा अपवाद सोडला तर प्रत्येकीचा कारभार पाच सुपरवायझरांचं बोर्ड पाहतं. इथले सुपरवायझर म्हणजे मुकादम नव्हेत बरं का, ते आपापल्या विभागातून निवडून आलेले असतात. तुरुंग, सार्वजनिक आरोग्य, निवडणुकांची व्यवस्था, निराधार मुलांची देखभाल, शहरांच्या हद्दीबाहेरचे रस्ते, हे सगळं काऊंटीकडे. राज्याच्या कायद्याप्रमाणे ज्या गरिबाला दुसरा कोणीच वाली नाही, त्याची जबाबदारीही शेवटी काऊंटीवर येते. सिलिकॉन व्हॅलीतली आपली मंडळी रोज सकाळी ज्या लॉरेन्स एक्सप्रेसवेवर अडकून पडतात, तो रस्ताही सांता क्लारा काऊंटीचा आहे. आपण राष्ट्राध्यक्षांविषयी तावातावाने भांडतो, पण आपल्या विभागाच्या सुपरवायझरचं नाव विचारलं तर? मला तरी २०२३ सालापर्यंत ते माहीत नव्हतं.

खरं तर मला माहीत असायला हवं होतं. माझे वडील सातारा जिल्हा परिषदेत कारकून होते. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या, आणि वडील पुढे दोन-तीन वर्षांत नोकरीला लागले. सभांचं इतिवृत्त लिहिणं हे त्यांचं काम. रात्री कंदिलाशी बसून कच्च्या टिपणांवरून पक्कं लिहायचे. मी शेजारी बसून विचारायचो, "बाबा, आज सभेत भांडण झालं का?" ते म्हणायचे, "झालं की. पण इतिवृत्तात आवाज येत नाही रे, फक्त नाव येतं."

हे वाक्य मला पन्नास वर्षांनी समजलं.

झालं असं. २०२३ च्या वसंतात आमच्या वस्तीत एक ई-मेल फिरू लागली. आमच्या घरापासून अर्ध्या मैलावर एक जुनं मोटेल आहे. ते घेऊन तिथे बेघर माणसांसाठी खोल्या करायच्या, असा प्रस्ताव होता. राज्य सरकारने २०२० साली 'होमकी' नावाची योजना सुरू केली होती. मोटेलं आणि तशाच इमारती घेऊन त्यांची घरं करण्यासाठी त्यातून पैसे मिळतात. त्या निधीसाठी अर्ज करण्याचा ठराव बोर्डापुढे येणार होता. ई-मेलमध्ये शाळेचं अंतर, रहदारी, घरांच्या किमती, सुरक्षितता, सगळं होतं. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "आता गप्प बसलात तर नंतर बोलू नका." मी मूळ प्रस्ताव न वाचताच सही केली, आणि एका मंगळवारी रजा टाकून चौदा शेजाऱ्यांबरोबर काऊंटीच्या इमारतीत जाऊन बसलो.

आमचा विषय यादीत अगदी शेवटी होता. त्याआधी तास-दोन तास बसणं भाग होतं. सुरुवातीला राष्ट्रध्वजाला वंदन झालं, कुणा निवृत्त परिचारिकेचा सत्कार झाला, टाळ्या झाल्या. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "आता कन्सेंट कॅलेंडर."

ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ज्या नेहमीच्या विषयांवर चर्चेची गरज वाटत नाही ते सगळे एकत्र बांधून एकाच ठरावाने मंजूर करतात. त्या गठ्ठ्याचं नाव कन्सेंट कॅलेंडर, म्हणजे संमतीची यादी. एखाद्या सदस्याला वाटलं तर तो त्यातला विषय बाहेर काढून चर्चेला घेऊ शकतो. जनतेलाही त्यावर बोलता येतं. त्या दिवशी यादीत साठाहून अधिक विषय होते. कोणी काही बाहेर काढलं नाही, कोणी बोललं नाही. सूचक, अनुमोदक, पाच होकार. मला वाटतं अर्धं मिनिटही लागलं नसेल. आपल्या मंडळाच्या सभेची आठवण येऊन मला हसू आलं. फक्त इथे बटाटेवडे नव्हते.

करायला काही नव्हतं म्हणून मी ती छापील विषयपत्रिका चाळू लागलो. अमुक रस्त्याचं डांबरीकरण. वृद्धांना घरपोच जेवण देण्याचा करार, मुदतवाढ. तुरुंगातल्या दंतवैद्याची नेमणूक. बेवारस मृतांच्या दहनाचा करार. या वाक्यावर मी थांबलो. आपल्या काऊंटीत कोणीतरी असं मरतं की त्याला न्यायला कोणी येत नाही, आणि त्याचं शेवटचं कार्य माझ्या करातून होतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आणि त्याच्याच खाली होतं, काऊंटीच्या रुग्णालयासाठी दूरध्वनीवरील दुभाषा सेवा, करार पुढे चालू ठेवणे.

ती ओळ वाचून मी एकदम बारा वर्षं मागे गेलो. २०११ साली आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. मी कामानिमित्त बाहेरगावी असताना एका रात्री तिच्या छातीत दुखू लागलं. बायकोने तिला काऊंटीच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या नर्सने बायकोला नम्रपणे बाजूला बसवलं आणि फोन लावून आईच्या हातात दिला. पलीकडून एक बाई शुद्ध मराठीत बोलू लागली. रात्रीचे अडीच वाजलेले, परका देश, आणि कानात आपली भाषा! त्या फोनवर आईने एक गोष्ट सांगितली जी ती सुनेसमोर कधीच बोलली नसती. इथे औषधं महाग म्हणून ती महिनाभर रक्तदाबाची गोळी अर्धी करून घेत होती. डॉक्टरांना हवं ते कळलं, उपचार झाले, आई चार दिवसांत घरी आली. तिची तक्रार एकच होती, "बोलत होती अगदी माझ्यासारखी, पण गाव कुठलं विचारलं तर सांगेना." दुभाष्यांना स्वतःविषयी बोलण्याची मुभा नसते, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

म्हणजे त्या रात्रीआधी कधीतरी, अशाच एखाद्या मंगळवारी, अशाच अर्ध्या मिनिटात, तो करार मंजूर झाला असणार. 'या काऊंटीत मराठी माणसं ती किती? त्यांच्यासाठी आमच्या खिशातून पैसे कशाला?' असं विचारायला कोणी रजा टाकून आलं नव्हतं. सभागृह गप्प होतं. त्या शांततेने माझ्या आईचं भलं केलं होतं. आणि मी आज कशाला आलो होतो? दुसऱ्या कोणाला खोली मिळू नये म्हणून.

इतक्यात आमचा विषय निघाला. माझं नाव पुकारलं गेलं, अर्थातच मोडतोड होऊन. एक मिनिट मिळालं. इथे मी धीर करून कागद फाडला आणि वेगळंच बोललो, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. शेजारी बघत होते. मी खिशातला कागद काढला आणि रहदारी, शाळा, सुरक्षितता, सगळं वाचून दाखवलं. ठराव चार विरुद्ध एक असा मंजूर झाला. काही दिवसांनी इतिवृत्त प्रसिद्ध झालं. त्यात बोलणाऱ्यांची यादी होती आणि विरोधात बोलणाऱ्यांत माझं नाव होतं. मी १९९९ साली, वाय-टू-केच्या लाटेत, या देशात आलो. चोवीस वर्षांत या काऊंटीच्या दप्तरात माझं नाव एकदाच आलं, आणि ते हरकतदार म्हणून. बाबा म्हणायचे तेच खरं, आवाज येत नाही, फक्त नाव येतं.

तेव्हापासून मला हा प्रश्न छळतो आहे. मौन म्हणजे संमती असं आपण सहज म्हणतो. पण ज्याने विषयपत्रिका वाचलीच नाही त्याचं मौन ही संमती कशी? आणि संमती नसेल, तर त्याच्या नावाने जे घडतं त्याची जबाबदारी त्याच्यावर येते की नाही?

प्रश्न जुना आहे. प्लेटोच्या 'क्रायटो' या संवादात तुरुंगातला सॉक्रेटिस म्हणतो, की मी आयुष्यभर अथेन्समध्ये राहिलो, सोडून जायची मोकळीक असूनही गेलो नाही, म्हणजे इथले कायदे मी मान्य केले आहेत. इंग्लंडात जॉन लॉकने १६८९ साली याच अर्थाचं मांडलं. एखाद्या देशाच्या रस्त्यावरून नुसता प्रवास करणाऱ्यानेही तिथल्या राज्यव्यवस्थेला मूक संमती दिलेली असते, असं त्याचं म्हणणं. या हिशेबाने लॉरेन्स एक्सप्रेसवेवर अडकलेला प्रत्येक जण रोज दोनदा संमती देतो! त्यावर डेव्हिड ह्यूमने १७४८ साली चांगलाच टोला हाणला. झोपेत उचलून जहाजावर आणलेल्या माणसाने समुद्रात उडी मारली नाही, म्हणून त्याने कप्तानाची सत्ता मान्य केली असं म्हणायचं का?

ह्यूमचा मुद्दा बिनतोड आहे, पण आपल्या उपयोगाचा नाही. कारण मंडळी, आपल्याला कोणी झोपेत उचलून आणलेलं नाही. आपण ब्रीच कँडीच्या वकिलातीसमोर पहाटे चार वाजता, हातात कागदांची फाईल घेऊन, रांगेत उभे राहून आलो. जहाजावर आपण टक्क जागे असताना चढलो आणि मग केबिनमध्ये जाऊन झोपलो.

यावर आपलं ठरलेलं उत्तर म्हणजे, "आपण काय, पाहुणे." ग्रीन कार्ड येईपर्यंत पाहुणे, नागरिकत्व मिळेपर्यंत पाहुणे, आणि नंतर सवयीने पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या घरात लुडबूड करू नये, हा आपला संस्कार. पण इथला कायदा आपल्याला पाहुणा मानत नाही. कॅलिफोर्नियात १९५३ साली 'ब्राउन ॲक्ट' झाला. गावच्या आणि काऊंटीच्या सभा बंद दाराआड होतात, असं आदल्या वर्षी एका वृत्तपत्राच्या लेखमालेने दाखवून दिलं होतं. आज या कायद्याप्रमाणे नेहमीच्या सभेची विषयपत्रिका निदान ७२ तास आधी लावावी लागते आणि जनतेला बोलू द्यावं लागतं. तुम्ही नागरिक आहात का, मतदार आहात का, असं तिथे विचारत नाहीत. सभेला बसण्यासाठी नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. दार उघडं आहे. आत जात नाही ते आपणच.

कोणी म्हणेल, "अहो, रस्त्याचं डांबर आणि दंतवैद्याची नेमणूक, यात कसला आलाय नीतीचा प्रश्न?" त्याला मी खाडीपलीकडची एक गोष्ट सांगेन. सॅन फ्रान्सिस्कोत १८८० साली नियम झाला की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची असेल तर बोर्ड ऑफ सुपरवायझर्सची संमती हवी. आगीची भीती होतीच, नियम दिसायला रास्त होता. गावात सुमारे ३२० लाँड्र्या होत्या, त्यांतल्या ३१० लाकडी, आणि २४० चिनी लोकांच्या. सुमारे २०० चिनी माणसांनी अर्ज केले. सगळे नामंजूर. चिनी नसलेल्यांचे अर्ज एक सोडून सगळे मंजूर. यिक वो या नावाने खटला चालला त्या माणसाने एकाच जागी २२ वर्षं धंदा केला होता, अग्निशमनवाल्यांचा दाखला त्याच्याकडे होता. तरी दहा डॉलर दंड झाला, आणि तो भरला नाही म्हणून तुरुंगवास. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १० मे १८८६ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितलं, की कायदा दिसायला निष्पक्ष असला तरी राबवणारा हात पक्षपाती असेल तर तो अन्यायच, आणि कायद्याचं समान संरक्षण फक्त नागरिकाला नव्हे, या भूमीवरच्या प्रत्येक माणसाला आहे. आज व्हिसावर आलेला आपला मुलगाही त्या लाँड्रीवाल्याचा ऋणी आहे.

मला या गोष्टीतलं बोचतं ते हे. त्या दोनशे अर्जांपैकी कोणताही एक घ्या. 'लाँड्रीचा परवाना, नामंजूर.' यात विशेष काय? सभेतला एक किरकोळ विषय. दोनशे ओळी एकाखाली एक ठेवून वाचल्या तरच त्यांतला अन्याय दिसतो. तो गर्जना करत आला नाही, नेहमीच्या कामकाजाच्या ओळीत मुकाट्याने येऊन बसला. आणि चांगुलपणाही तिथेच बसतो, दुभाषाच्या कराराच्या ओळीत. दोघांचा पत्ता एकच आहे.

म्हणून मला आता असं वाटतं, की मौनाचे दोन प्रकार आहेत, वाचलेलं मौन आणि न वाचलेलं मौन. विषय वाचला, पटला, म्हणून गप्प बसलो, तर ती संमती. तिला किंमत आहे. त्या मौनात विश्वास आहे. न वाचता गप्प बसलो तर ती संमती नव्हे, ती गैरहजेरी. अडचण अशी, की सभागृहात दोन्ही सारखीच ऐकू येतात आणि इतिवृत्तात दोन्हींची नोंद एकच होते, 'हरकत नसल्याने मंजूर.' तेव्हा जबाबदारीतून सुटका गैरहजर माणसाचीही नाही. आपल्या मराठीने तर हे दोन्ही अर्थ एकाच शब्दांत कोंबले आहेत. 'हरकत नाही' म्हणजे मला मान्य आहे, आणि 'हरकत नाही' म्हणजे मला काही फरक पडत नाही. आपण कुठल्या अर्थाने म्हणतो, हे फक्त आपल्यालाच ठाऊक.

साठ विषय दर सभेला कोण वाचणार, हा आक्षेप मला मान्य आहे. नोकरी, मुलांचे क्लासेस, भारतातले म्हातारे आईवडील, यातून वेळ कुठे? त्यासाठीच तर प्रतिनिधी निवडायचे. पण प्रतिनिधीवर विश्वास टाकणं वेगळं आणि त्याला विसरून जाणं वेगळं. दुसरं असं, की वेळ नाही म्हणणाऱ्या मला त्या मंगळवारी रजा बरी सापडली! कुंपणाला हात लागला की वेळ सापडतो. शेजारच्या सांता क्लारा काऊंटीत रीड-हिलव्ह्यू विमानतळाजवळच्या वस्तीतले लोक शिशाच्या इंधनाविरुद्ध बोलत राहिले. मुलांच्या रक्तातल्या शिशाचा अभ्यास काऊंटीने करवून घेतला, ऑगस्ट २०२१ मध्ये बोर्डाने निर्णय घेतला, आणि १ जानेवारी २०२२ पासून तिथली त्या इंधनाची विक्री बंद झाली. त्यांचंही ते कुंपणच होतं, कबूल. पण ते एका मिनिटाचं भाषण करून घरी गेले नाहीत.

त्या मोटेलात पुढे माणसं राहायला आली. मी येता-जाता बघतो. खिडकीत कुंड्या दिसतात, दोन-तीन सायकली दिसतात. एक-दोनदा पोलिसांची गाडीही दिसली. माझी भीती अगदीच निराधार होती असं नाही, आणि खरी ठरली असंही नाही. विरोध केल्याची मला लाज वाटत नाही. प्रश्न विचारण्याचा हक्क मलाही होताच. लाज वाटते ती याची, की चोवीस वर्षांत मी तेवढंच केलं.

आता मी दर महिन्याला एका सभेची विषयपत्रिका उघडतो आणि त्यातला एकच विषय नीट वाचतो. फार काही करत नाही. एकदा दुभाषा सेवेचा करार पुन्हा यादीत आला तेव्हा मात्र गेलो. नाव पुकारलं, पुन्हा मोडतोड होऊन. मी आईची हकीकत सांगितली, गोळी अर्धी करण्याची आणि गाव न सांगणाऱ्या बाईची सुद्धा. तीस-चाळीस सेकंद लागले असतील. अध्यक्षबाईंनी मान डोलावली, पाच होकार झाले, आणि पुढचा विषय पुकारला गेला. मी नसतो गेलो तरी तो मंजूर झालाच असता.

आता मंडळाची सभा जवळ आली आहे. जमाखर्च आठवडाभर आधी ई-मेलने येतो, हे मला परवाच कळलं. तो इतकी वर्षं येत होता म्हणे. या वेळी वाचून येणार आहे. चिटणीसांनी "कोणाची हरकत?" विचारलं, की मी बहुधा गप्पच बसेन. पण त्या गप्प बसण्याचा अर्थ या खेपेला मला ठाऊक असेल.